भांडणाआधीची शाळा



मृग जवळ आला, रानात पाळ्या पडू लागल्या, की आपल्या बीड जिल्ह्यात एक जुने दुखणे दरसाल डोके वर काढते. ते म्हणजे बांधाचे भांडण. पाळी घालताना शेजाऱ्याने तास अर्धा हात अलीकडे घेतला, बांध कोरला, एवढे निमित्त पुरते. आवाज चढतो. आज्याच्या वेळचे उणेदुणे निघते. दोन्हीकडची माणसे धावत येतात आणि त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात कुऱ्हाड असते, नाही तर कोयता असतो. पुढचे काम घटकाभराचे. त्या घटकेनंतर एक माणूस दवाखान्यात जातो, दुसरा पोलीस ठाण्यात जातो, आणि दोन्ही घरांच्या नशिबी वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा येतात. अर्ध्या हाताच्या बांधापायी अख्खे रान गहाण पडल्याची उदाहरणे तुमच्या पंचक्रोशीत तुम्हालाच ठाऊक असतील. मी नावे घेण्याची गरज नाही.

आज मला बोलायचे आहे ते त्या घटकेविषयी. ती टाळता येते का? आणि येत असेल, तर ते शिकता येते का? येते, असे माझे म्हणणे आहे. ते कुणी शिकवले, कुठे शिकवले, कसे शिकवले, हे आज सांगणार आहे. ऐकून नवल वाटेल, पण या शिक्षणाच्या बऱ्याचशा शाळा भरल्या त्या तुरुंगांत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अहिंसा हा शब्द काढला, की आपल्याकडे दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. कुणी म्हणतो, “ते साधुसंतांचे काम, आपण प्रपंचातली माणसे.” दुसरा म्हणतो, “ज्याच्या मनगटात जोर नाही, त्याने अहिंसा सांगावी.” दोन्ही उत्तरांत समजूत एकच आहे. शांत राहणे हा स्वभाव आहे. तो असला तर असतो, नसला तर नसतो. ही समजूत चुकीची आहे. विहिरीत पोहायला आपण कसे शिकलो, ते आठवा. पाठीला भोपळा बांधला, काठावर जाणते माणूस उभे राहिले, नाकातोंडात पाणी गेले, आणि चार दिवसांनी हातपाय आपोआप चालू लागले. नदीला पूर आल्यावर कुणी पोहायला शिकत नाही. भांडणाचेही तसेच आहे. डोक्यात राग चढलेला असताना उपदेश कामाला येत नाही. कामाला येते ती आधी केलेली सवय.

ही गोष्ट ज्यांनी ओळखली, त्यांत आपली महाराष्ट्राची भूमी मागे नाही. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्या तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणत. तिथून ते साबरमतीच्या आश्रमाला दर आठवड्याला एक पत्र धाडीत. एका पत्रात सत्य, एका पत्रात अहिंसा, असे एकेक व्रत ते उलगडून सांगत. पुढे त्या पत्रांचे ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झाले. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजी तिथेच बंदी होते. त्यांनी ती अठरा प्रवचने जिवापाड मेहनतीने उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. आपल्या मराठवाड्याची साक्ष काढायची तर स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव घेऊ. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकवणारा हा शिक्षक १९३८ च्या हैदराबाद सत्याग्रहात तुरुंगात गेला, तो हातात शस्त्र न घेता.

तुम्ही म्हणाल, ही तर थोर माणसे. आपण होऊन तुरुंगात गेलेली. ज्यांच्या हातून खरोखरच रक्त सांडले, त्यांचे काय? त्याचेही उत्तर महाराष्ट्रात आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले, गांधीजींच्या सहवासात राहिलेले मॉरिस फ्रीडमन यांनी ती बसवली. जबर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतींशिवाय ठेवले. त्यांना शेती दिली आणि बायकामुलांना जवळ आणू दिले. त्याच माणदेशातले ग. दि. माडगूळकर, त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आपल्या गेवराईहून गोदावरी ओलांडली, की पैठणचे खुले कारागृह लागते. त्याची कल्पनाही याच वाटेने आलेली. माणूस गुन्हा करतो, पण तो गुन्ह्याएवढाच उरत नाही, हा विश्वास या साऱ्याच्या मुळाशी आहे.

आता ही वाट समुद्रापार कशी गेली, ते ऐका. १९५३ साली जेम्स लॉसन नावाचे एक तरुण अमेरिकन पाद्री नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आले. कोरियाच्या लढाईसाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून ते आपल्या देशात तुरुंगवास भोगून आले होते. १९५६ पर्यंत ते नागपुरात राहिले आणि त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिल या शहरात, एका चर्चमध्ये, त्यांनी काळ्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. त्या काळी तिथल्या दुकानांतल्या खाणावळीत काळ्या माणसाला शेजारी बसून खाता येत नसे. लॉसन मुलांना नुसते भाषण देत नसत. काही मुलांना ते खुर्चीवर बसवीत, आणि बाकीच्यांना सांगत, “यांना शिव्या द्या, ढकला, डोक्यावर काहीतरी ओता.” बसलेल्यांनी हात उगारायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. असा सराव महिनोन्महिने झाला. मग १९६० च्या फेब्रुवारीत ही मुले खरोखरीच त्या खाणावळींत जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली, पण उलट हात केला नाही. मे महिन्यात त्या शहरातल्या खाणावळी सर्वांना खुल्या होऊ लागल्या.

याच मुलांमध्ये बर्नार्ड लाफायेत नावाचा एक तरुण होता. पंधरा वर्षांनी, १९७५ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात एक वेगळीच मागणी उठली. तिथले काही जुने कैदी एकत्र येऊन विचार करीत असत. त्यांना दिसत होते, की कोवळी पोरे तुरुंगात येतात, सुटून जातात, आणि मारामारी करून पुन्हा आत येतात. “या पोरांशी आम्हाला बोलायचे आहे, पण कसे बोलावे ते आम्हाला शिकवा,” असे त्यांनी जवळपासच्या क्वेकर पंथाच्या लोकांना कळवले. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला, युद्धाला विरोध करणारा एक पंथ. चारच वर्षांपूर्वी, १९७१ च्या सप्टेंबरात, त्याच राज्यातल्या अॅटिका तुरुंगात उठाव होऊन ४३ माणसे मेली होती. तो घाव ताजा होता. त्या क्वेकर मंडळींनी लाफायेत यांच्यासारख्या अनुभवी माणसांची मदत घेऊन कैद्यांसह पहिली कार्यशाळा घेतली. त्यातून जे काम उभे राहिले, त्याचे नाव ‘हिंसेला पर्याय’ अशा अर्थाचे आहे. तुरुंगातून ते वस्त्यांत आणि शाळांत गेले आणि अनेक देशांत पसरले. म्हणजे पाहा, या कामाचे एक मूळ नागपूरपर्यंत येऊन पोचते. बियाणे आपल्याकडचे, पेरा दूरच्या रानात झाला.

या कार्यशाळेत होते तरी काय? शिक्षक बंधूंनी हे जरा लक्ष देऊन ऐकावे, कारण यातला बराचसा भाग आपल्या वर्गात करता येण्याजोगा आहे.

पहिला नियम असा, की येणारा आपखुशीने येतो. कैद्याला सक्तीने बसवीत नाहीत आणि आल्याबद्दल शिक्षेत सूट देण्याचे आमिषही दाखवीत नाहीत. दुसरा नियम असा, की शिकवणारा एक छदामही घेत नाही. यात मोठे मर्म आहे. तुरुंगातला माणूस बोलणाऱ्याचा शब्द ऐकण्याआधी मनात विचारतो, “याला याचे किती मिळतात?” काहीच मिळत नाही म्हटल्यावर तो कान देतो. तिसरा नियम असा, की एकटा कुणी शिकवीत नाही. तिघे-चौघे मिळून घेतात, आणि त्यांत बाहेरच्यांच्या बरोबरीने आतलेही असतात. जो आधी शिकला, तो पुढे शिकवतो. पहिली पायरी साधारण तीन दिवसांची, दुसरी आणखी खोलात जाण्याची, आणि तिसरी शिकवायला शिकण्याची, अशा तीन पायऱ्या आहेत.

पंधरा-वीस जण गोल करून बसतात. फळ्यासमोर रांगेने बसत नाहीत, कारण रांगेत शेवटी बसलेला माणूस शेवटचाच राहतो. सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या नावाआधी एक चांगले विशेषण लावतो, तेही नावाच्याच अक्षराचे. मेहनती मारुती, सालस सखाराम, अशी. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण ज्याला वर्षानुवर्षे नंबराने नाही तर शिवीने हाक मारली गेली, त्याच्या तोंडून स्वतःबद्दल एक चांगला शब्द निघणे सोपे नसते. तिथूनच आरंभ होतो.

मग ऐकण्याचा सराव. दोघे समोरासमोर बसतात. एकाने तीन मिनिटे बोलायचे. दुसऱ्याने हूं का चूं न करता ऐकायचे, आणि नंतर पहिला काय म्हणाला ते त्याला सांगून दाखवायचे. घरी करून बघा. आपण ऐकतो कमी आणि उत्तराची तयारी जास्त करतो, हे लगेच कळून येईल.

पुढे बोलण्याची रीत. “तू बांध कोरलास, तू चोर आहेस,” हे वाक्य आणि “माझी एक सरी कमी भरली, मला माझ्या रानाची काळजी लागली आहे,” हे वाक्य यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात सत्य जराही कमी नाही. पण पहिल्या वाक्याने समोरच्याला एकच वाट उरते, ती उलट शिवी देण्याची. दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायला जागा मिळते.

आणखी एक खेळ असा. पुठ्ठ्याचे काही चौकोन कापून त्यांचे तुकडे पाच जणांत वाटतात. प्रत्येकाचा चौकोन पुरा व्हायचा आहे, पण बोलायचे नाही, मागायचे नाही, हिसकायचे तर नाहीच. फक्त आपला तुकडा दुसऱ्याला देता येतो. बराच वेळ कुणाचेच जमत नाही. कुणीतरी आपला पुरा झालेला चौकोन मोडून तुकडा पुढे करतो, तेव्हा सगळ्यांचे जमते. यावर भाषण लागत नाही.

शेवटी नाटक. खरे घडलेले भांडण निवडतात आणि ते करून दाखवतात. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, दारू पिऊन घरी आल्याचे. हात उगारायच्या जागी “थांबा” असा आवाज येतो, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आणि गोलातल्या लोकांना विचारतात, “इथून दुसरीकडे वळता आले असते का?” मग तेच भांडण पुन्हा करतात, वेगळ्या वळणाने. त्यांची पाच सूत्रे आहेत. स्वतःचा मान ठेव. दुसऱ्याची काळजी घे. समोरच्याकडून चांगल्याची अपेक्षा धर. उलट वागण्याआधी विचार कर. आणि मारामारीवाचून वाट आहे का, हे विचार. यांतले एकही सूत्र नवे नाही. नवा आहे तो सराव.

बंदींसाठी याहून वेगळ्या तऱ्हेचेही प्रयत्न झाले आहेत. त्याच १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात सत्यनारायण गोयंका यांनी विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर घेतले. १९९४ च्या एप्रिलात दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजारावर कैदी अशा शिबिरात बसले. इगतपुरीचे केंद्र तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे माणूस मौन धरून स्वतःच्या आत पाहतो. इथे तो दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला शिकतो. मुंबई सर्वोदय मंडळाचे कार्यकर्ते तुरुंगांतून गांधीविचारांच्या परीक्षा घेतात. मुंबईच्या टोळीत वाढलेला एक तरुण कोठडीत ‘सत्याचे प्रयोग’ वाचून बदलला. त्याने न्यायाधीशांना लिहून आपले गुन्हे कबूल केले, आणि सुटल्यावर तो इतर कैद्यांशी बोलायला तुरुंगातुरुंगांत फिरू लागला. ज्याने मार दिला आणि मार खाल्ला, त्याचा शब्द तिथे जड असतो. आपल्यासारख्या पांढरपेशाने तासभर सांगावे आणि त्याने दहा मिनिटे सांगावे, परिणाम त्याच्या दहा मिनिटांचा.

आता तुरुंगाबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. तुरुंगात असतात ते सगळे शिक्षा झालेले गुन्हेगार, असे आपण धरून चालतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांतले शेकडा ७५ हून अधिक न्यायाधीन बंदी होते. म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे, असे. बीडच्या जिल्हा कारागृहासारख्या जागी मुख्यतः असेच बंदी असतात. काही महिन्यांनी जामीन होतो आणि माणूस गावी येतो. तोच पार, तोच बांध, तोच शेजारी. आतले महिने त्याने राग घोटीत काढले, की कुणी त्याच्याशी बसून बोलले, यावर तुमच्या गावाचे पुढचे साल अवलंबून आहे. तुरुंगातली कार्यशाळा हा कैद्यावरचा उपकार नव्हे. तो गावाचा विमा आहे.

पण मी म्हणतो, तुरुंगापर्यंत वाट बघायची कामून? हीच शाळा गावात आधी भरली तर?

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती चालवली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे, अशी योजना. बीड जिल्ह्यातल्या गावांनीही त्यात भाग घेतला, फलक लागले, बक्षिसे मिळाली. त्या मोहिमेने भले झाले ते मी नाकारीत नाही. पण समिती कामाला लागते ती तंटा उभा राहिल्यावर. अध्यक्षाला फेटा बांधला, खुर्ची दिली; पण रागावलेल्या दोन माणसांचे ऐकावे कसे, हे त्याला कुणी शिकवले? डॉक्टरला शिक्षण लागते, गवंड्याला लागते. भांडण मिटवणाऱ्याला लागत नाही, असे आपण समजून चाललो.

आणि बीड जिल्ह्याला याची गरज किती आहे, हे वेगळे सांगायला नको. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगाव इथे लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. गुन्हेगारांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. तिथे कार्यशाळेने भागत नाही. पण त्या घटनांच्या आगेमागे गावागावांत जी हवा पसरली, कोण कुणाच्या दुकानात जातो, कोण कुणाच्या लग्नाला जातो, इथपर्यंत जी जात पाहिली जाऊ लागली, ती हवा निवळणे कोर्टाच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे.

हिंसा म्हणजे कोयताच, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. ही रक्त न दिसणारी हिंसा आहे. घरात बाईवर उठणारा हात ही चार भिंतींतली हिंसा आहे. म्हणून इथे एक सावधगिरी सांगतो, आणि ती माझ्या सगळ्या बोलण्यात महत्त्वाची समजा. अहिंसा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. मार खाणाऱ्या बाईला “पोरी, सांभाळून घे” म्हणणे, किंवा जातीवरून ज्याचा अपमान झाला त्याला “गावाच्या एकीसाठी मिटवून टाक” म्हणणे, ही अहिंसा नाही. तो बळवंताचा सोयीचा तह आहे. खून, बलात्कार, हुंड्याचा छळ, जातीवरून अत्याचार, ही प्रकरणे पारावर मिटवायची नसतात. जातीवरून होणाऱ्या अत्याचारासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. घरातल्या हिंसेसाठी २००५ चा कायदा आणि त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. लॉसनची मुले खुर्चीवर बसली, ती अन्याय सोसायला बसली नव्हती. मोडायला बसली होती. हात न उगारता, आणि जागाही न सोडता.

जिथे रक्ताचे पाट वाहिले तिथेही हे काम झाले आहे. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते. पुढे मारेकरी शिक्षा भोगून गावी परतू लागले. तेव्हा स्वयंसेवकांनी तीन-तीन दिवसांच्या बैठकी घेतल्या; निम्मे लोक ज्यांची घरे उजाडली त्यांतले, आणि निम्मे ज्यांच्या घरच्यांनी उजाडली त्यांतले. सगळ्यांची मने जुळली असे कुणी म्हणत नाही. पण एका विहिरीवर पाणी भरायला येताना पाठ न फिरवणे, हेही तिथे थोडे नव्हते. तिथे जमले, मग एका बांधाच्या दोन बाजूंना जमू नये?

तर करायचे काय? गुरुजी आणि बाई, आधी तुम्हाला सांगतो. शनिवारची सकाळची शाळा असते. त्यातला एक तास घ्या. मुलांना गोल बसवा. नावाला विशेषण, ऐकण्याचा सराव, पुठ्ठ्याचे चौकोन, आणि मधल्या सुट्टीत झालेल्या एखाद्या भांडणाचे नाटक, एवढेच करा. चार नियम फळ्यावर लिहा. कुणी कुणाची टिंगल करायची नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतेच बोलायचे. बोलायचे नसेल तर “पुढे” म्हणायची मुभा. आणि इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. एखादे मूल घरी मार खाते असे त्यात कळले, तर मात्र ते तिथेच ठेवू नका. त्या मुलाला मदत मिळेल असे पाहा.

गावाने काय करावे? आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या मोठी. नवरा-बायकोच्या जोडीलाच आपण ‘एक कोयता’ म्हणतो. दसरा झाला की गाड्या भरतात. ते परततात उन्हाळ्यात. म्हणून श्रावणापासून नवरात्रापर्यंतचा काळ धरा. तीन दिवस निवडा, समाजमंदिर नाही तर शाळा मागून घ्या. घेणारे तिघे असावेत; त्यांत एक तरी बाई असावी, आणि तिघे एकाच भावकीचे, एकाच जातीचे नसावेत. तंटामुक्ती समितीचे सदस्य, बचत गटाच्या ताई, पोलीस पाटील, आणि ज्यांचा बांधाचा वाद अजून पेटलेला नाही, नुसता धुमसतो आहे, असे दोघे-चौघे, यांना बोलवा. सक्ती नको. हारतुरे नकोत. पाहुण्यांची भाषणे तर मुळीच नकोत.

आणि ज्यांना तुरुंगात जाऊन हे काम करावेसे वाटते, त्यांनी आधी गावात दोन-तीन वेळा करून हात बसवून घ्यावा. मग कारागृहाच्या अधीक्षकांकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागावी. आत गेल्यावर कुणालाही “तू काय केलेस?” असे विचारू नये. कुणाची चिठ्ठी, निरोप, वस्तू नेऊ-आणू नये. वकिली करू नये, सुटकेचे आश्वासन देऊ नये. आणि सांगितलेल्या दिवशी जावेच. ज्याला सगळ्यांनी टाकले, त्याला न येणाऱ्या माणसाची सवय असते. येणाऱ्या माणसाची त्याला नवलाई असते.

तीन दिवसांत माणूस संत होत नाही. एवढेच होते, की राग आणि हात यांच्यामध्ये श्वासाएवढी जागा तयार होते. कुणाचा जीव वाचायला पुष्कळदा तेवढी जागा पुरते. ती जागा कायदा करून मिळत नाही आणि पैसे देऊनही मिळत नाही. ती माणसाने माणसाला शिकवावी लागते.

येत्या शनिवारी एखाद्या शाळेत एक गोल बसला, तर आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.